ससा, फेरेट, सरडा: आतडं अडलंय का आणि चाकू कधी उचलायचा

ससा खात नाही म्हणून आला की आधी एवढंच ठरवा, आतडं नुसतं मंदावलंय की खरंच अडलंय, कारण उपाय पार उलटे आहेत. मंदावलेला ससा दोन-तीन दिवस हळूहळू उतरत जातो, लेंड्या बारीक होतात. अडलेला सकाळी मस्त खेळत असतो आणि संध्याकाळी कान गार पडून कोपऱ्यात बसलेला. त्याला उलटी होत नाही, म्हणून जठर फुगतच राहतं.

डावीकडे बरगड्यांमागे चाचपा. कणकेच्या गोळ्यासारखं बोट रुतलं तर बहुतेक मंदावलेलं, टणक ताणलेलं लागलं तर ब्लॉकेज धरून चाला. थेंबभर रक्तात ग्लुकोज बघा, ३६० mg/dL च्या वर आणि अंगाचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर वेळ घालवू नका. एक्स-रेत जठर गोल, पाण्याने भरलेलं आणि मध्ये गॅसचा बुडबुडा दिसतो. गॅस पार पुढे सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) पोचला असेल तर अडकलेला गोळा सरकतोय, काही तासांनी परत एक्स-रे काढा. तोवर ब्युप्रेनॉर्फिन (वेदनाशामक), ऊब, शिरेतून सलाइन, नळीने जठर मोकळं करणं. तोंडात खाणं कोंबू नका आणि मेटोक्लोप्रामाइडही (आतड्याची हालचाल वाढवणारं औषध) नको, हे सगळ्यात जास्त चुकतं.

पोट उघडावंच लागलं तर फुगलेलं आणि रिकामं आतडं जिथे भेटतं तिथे गोळा सापडतो. लगेच कापू नका, केसांचा गोळा हलक्या हाताने मागे जठरात ढकलता येतो का बघा, जठर कापणं सशाला त्यामानाने बरंच सोसतं. आतडं कापायचंच झालं तर ५-० मोनोफिलामेंट (एकपदरी टाक्याचा दोरा), आणि टिश्यू सतत ओले ठेवा, सशात अ‍ॅडहेजन्स (आतले अवयव एकमेकांना चिकटणं) फार पटकन होतात.

फेरेटचं (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) सोपं, तरुण असेल तर रबर चावलेलं असतं, म्हातारा असेल तर केस. फक्त भुलेआधी ३-४ तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नका, साखर पडते.

सरड्यात मात्र घाई नको, बहुतेकदा पाणी कमी, पिंजरा थंड किंवा कॅल्शियम कमी असतं, आधी ते नीट करा, कोमट पाण्यात बसवा. बेरियमला (एक्स-रेत आतडं दिसावं म्हणून पाजतात ते) पुढे सरकायला दिवसच्या दिवस लागतात हेही मालकाला आधीच सांगा. कापताना मधोमध जाऊ नका, तिथेच पोटाची मोठी शीर असते, बाजूने जा. त्वचेचे टाके ४ ते ६ आठवडे तसेच ठेवायचे, मालक कितीही मागे लागले तरी.