लिथियम सेल आत ठेवूनच टॉर्च महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर

आधी आतला सेल कोणता ते बघा. १८६५० किंवा २१७०० हे रिचार्जेबल लिथियम-आयन सेल. ते पूर्ण चार्ज करून, म्हणजे ४.२ व्होल्टवर, ठेवू नका. भरलेला सेल उष्णतेत लवकर म्हातारा होतो, क्षमता कायमची घटते. मल्टिमीटरवर ३.७ ते ३.८ व्होल्ट दिसले की चार्जिंग थांबवा.

खरा घात करतं ते इलेक्ट्रॉनिक बटण. टॉर्च बंद असला तरी ते थोडा करंट ओढत राहतं. मागचं झाकण पाव ते अर्धा फेरा सैल करा आणि बटण दाबून पाहा. लागला नाही तर सर्किट तुटलं. झाकणाच्या आट्यांवर ॲनोडायझिंग (वीज न वाहू देणारा ऑक्साइडचा थर) नसेल तर सैल करूनही करंट वाहतो. अशा टॉर्चमधून सेल काढून प्लॅस्टिकच्या डबीत ठेवणंच बरं. खिशात किल्ल्यांबरोबर सुटा सेल कधीच नको, शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो.

दर तीन महिन्यांनी व्होल्टेज तपासा. २.५ च्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करू नका. आतलं तांबं विरघळून पुढे शॉर्ट होण्याचा धोका असतो. तो ई-कचऱ्यात द्या.

सीआर१२३ए हा लिथियम सेल रिचार्ज होत नाही, पण वर्षानुवर्षं टिकतो. दोन लागत असतील तर जुना-नवा मिसळू नका: कमजोर सेल उलटा चार्ज होऊन फुटू शकतो.

उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर टॉर्च नको. पावसाळ्याआधी ओ-रिंगला (झाकणाच्या आट्यांजवळची रबरी कडी) सिलिकॉन ग्रीस लावा.