अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली कलाटणी कशी शोधायची

युद्धाला कलाटणी कुठे मिळाली हे शोधायचं असेल, तर लढाईच्या बातमीचा माग काढा. ती कुणाच्या कानावर केव्हा गेली आणि ती ऐकून कुणी आपला बेत बदलला, हे कळलं की वळणाची जागा बहुतेक वेळा आपोआप सापडते. अमेरिकेचं १७७५ ते १७८३चं युद्ध या सरावाला उत्तम आहे, कारण मध्ये अटलांटिक महासागर होता आणि बातमी जहाजाच्या वेगानेच पोहोचत होती.

मोठा कागद आडवा धरून पाच रकाने आखा: घटना व तारीख, बातमी पोहोचल्याचं ठिकाण व तारीख, मध्ये गेलेले दिवस, त्यावरून झालेला निर्णय, आणि शेवटचा रकाना ‘ही घटना वगळली तर?’. शेजारी दोन नकाशे ठेवा, एक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा आणि एक जगाचा. फक्त पहिल्याच नकाशावर काम केलं की निम्मं युद्ध दिसतच नाही. दहा-बारा घटना पुरतात. जास्त भरल्या तर कागद सनावळी होऊन बसतो.

सुरुवात साराटोगाच्या लढाईपासून करा, कारण तिथे पाचही रकाने नीट भरता येतात. १७७७च्या उन्हाळ्यात इंग्रजांचा जनरल बर्गॉइन कॅनडातून दक्षिणेला निघाला. हडसन नदीचं खोरं ताब्यात घेऊन न्यू इंग्लंड, म्हणजे ईशान्येकडच्या वसाहती, बाकीच्यांपासून तोडायच्या, हा बेत. पण इंग्रजांचाच दुसरा जनरल हाउ त्याला भेटायला वर येण्याऐवजी समुद्रमार्गे फिलाडेल्फिया घ्यायला गेला. पश्चिमेकडून येणारी सेंट लेजरची तुकडी स्टॅनविक्स किल्ल्यावरून परत फिरली, आणि १६ ऑगस्टला बेनिंग्टनजवळ रसद मिळवायला पाठवलेली माणसंही हातची गेली. १९ सप्टेंबर आणि ७ ऑक्टोबर अशा दोन लढायांनंतर १७ ऑक्टोबरला बर्गॉइनने साराटोगाला सुमारे ५,८०० सैनिकांसह शस्त्रं खाली ठेवली. बातमी पॅरिसला ४ डिसेंबरला पोहोचली, म्हणजे ४८ दिवसांनी. त्यानंतर ६४ दिवसांत, ६ फेब्रुवारी १७७८ला, फ्रान्सने अमेरिकेशी मैत्रीचा करार केला. चौथ्या रकान्यात हाच करार लिहायचा.

शेवटचा रकाना भरताना मात्र घाई करू नका. ‘साराटोगा नसतं तर फ्रान्स आलाच नसता’ असं लिहिणं सोपं आहे, पण चूक आहे. फ्रान्स १७७६पासून छुप्या मार्गाने शस्त्रं आणि दारूगोळा पुरवतच होता. साराटोगामुळे उघडपणे उतरण्याची वेळ ठरली, आणि जिंकणाऱ्या बाजूला उभं राहण्याचा भरवसा आला. एवढंच लिहा, तेवढंही पुष्कळ आहे.

आता उलट तपासणी करा. २६ सप्टेंबर १७७७ला इंग्रजांनी फिलाडेल्फिया घेतलं, म्हणजे काँग्रेस (बंडखोर वसाहतींची प्रतिनिधी सभा) जिथे भरायची तेच शहर. युरोपातल्या युद्धात राजधानी पडली की तहाची बोलणी सुरू व्हायची. इथे काँग्रेस दुसऱ्या गावी गेली, लढा चालूच राहिला, आणि पुढच्या जूनमध्ये इंग्रजांनी स्वतःहून ते शहर सोडलं. १२ मे १७८०ला चार्ल्सटन पडलं, सुमारे पाच हजार जण कैद झाले. हा अमेरिकी बाजूचा सगळ्यात मोठा पराभव, तरी कुणी तहाचा बेत केला नाही. आकडा मोठा दिसला की वळण समजण्याची चूक सर्रास होते. त्यावर या दोन ओळी चांगला उतारा आहेत, त्या कागदावर जरूर ठेवा.

काही वळणांत बातमीला समुद्र ओलांडावा लागला नाही. डिसेंबर १७७६मध्ये अमेरिकी सेनापती वॉशिंग्टनच्या बहुतेक सैनिकांची मुदत ३१ तारखेला संपत होती. २५च्या रात्री सुमारे २,४०० जणांनी बर्फाचे तुकडे वाहत असलेली डेलावेअर नदी ओलांडली आणि सकाळी ट्रेंटनला सुमारे ९०० हेसियन, म्हणजे इंग्रजांनी भाड्याने आणलेले जर्मन, सैनिक पकडले. इथे बेत बदलला तो खुद्द सैनिकांनी: दहा डॉलरच्या बक्षिसावर बरेच जण आणखी सहा आठवडे थांबले. हे थांबले नसते तर जानेवारीत लढायला फौजच उरली नसती. लढाई लहान होती म्हणून ही ओळ गाळू नका.

यॉर्कटाउनसाठी दोन ओळी लागतात, आणि पहिली समुद्रावरची. ५ सप्टेंबर १७८१ला चेसापीक उपसागराच्या तोंडाशी अ‍ॅडमिरल द ग्रासच्या २४ फ्रेंच युद्धनौका अ‍ॅडमिरल ग्रेव्हजच्या १९ ब्रिटिश नौकांसमोर आल्या. ब्रिटिश ताफ्यात निशाणांचा गोंधळ झाला, पिछाडीची जहाजं जवळजवळ लढलीच नाहीत. त्या दिवशी एकही जहाज बुडालं नाही. पण ग्रेव्हज न्यूयॉर्कला परतला आणि यॉर्कटाउनला असलेल्या इंग्रज जनरल कॉर्नवॉलिसची समुद्राकडची वाट बंद झाली. १९ ऑक्टोबरला त्याने शरणागती पत्करली. लंडनला बातमी २५ नोव्हेंबरला, ३७ दिवसांनी. २७ फेब्रुवारी १७८२ला ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभेने अमेरिकेतली चढाई थांबवण्याच्या बाजूने मत दिलं आणि मार्चमध्ये पंतप्रधान नॉर्थ पायउतार झाला. न्यूयॉर्क अजून इंग्रजांकडेच होतं, फौजही शिल्लक होती. आटली ती संसदेची लढत राहण्याची तयारी. म्हणून चौथ्या रकान्यात संसदेचं मतदान लिहा, शरणागती नको.

आता जगाच्या नकाशाकडे वळा. फ्रान्स युद्धात उतरला म्हणून इंग्रजांनी १७७९मध्ये केरळ किनाऱ्यावरचं फ्रेंचांचं माहे घेतलं. त्याने हैदरअली चिडला आणि १७८०मध्ये कर्नाटिकात, म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या भागात, उतरला. त्याच सुमारास कंपनी पेशव्यांशीही लढत होती. १७७९च्या जानेवारीत वडगावला तिची फजिती झालेलीच होती. दोन आघाड्या पेलवेनात, तेव्हा मे १७८२मध्ये सालबाईचा तह झाला. इथे सालबाईचं सगळं श्रेय साराटोगाला देऊ नका. मराठ्यांशी युद्ध १७७५पासून वेगळ्या कारणाने सुरू होतं. बाण काढायचा तो साराटोगा, फ्रान्स, माहे, हैदर असा, आणि सालबाईकडे जाणारी शेवटची रेघ तुटक ठेवा.

कागदाची शेवटची ओळ कडलोरची ठेवा. इंग्लंड-फ्रान्समधला प्राथमिक तह २० जानेवारी १७८३ला झाला, पण ती बातमी तमिळ किनाऱ्यावर यायला जूनअखेर उजाडली. तोवर कडलोरला दोन्ही बाजू लढत होत्या. तिसऱ्या रकान्यात ‘पाच महिन्यांहून जास्त’ असं लिहा.