काचेच्या रिकाम्या बरण्यांचा पुनर्वापर

काचेची रिकामी बरणी टाकून देण्यापूर्वी तिच्या काठावरून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. कापसाचे तंतू कुठे अडकले, तर तेथे टवका उडालेला आहे असे समजून ती बरणी खाद्यपदार्थांसाठी वापरू नये. लेबल काढण्यासाठी बरणी अर्धा तास कोमट पाण्यात बुडवून ठेवावी. कागद निघाल्यावरही जो चिकट थर उरतो तो पाण्याने जात नाही, कारण हा गोंद बहुधा पाण्यात विरघळत नाही. त्यावर खाण्याचे तेल आणि खाण्याचा सोडा समप्रमाणात कालवून चोळावा, पंधरा मिनिटे थांबावे आणि मग साबणाने धुवावे. आधीच्या पदार्थाचा वास मात्र काचेत नव्हे, तर झाकणाच्या आतील अस्तरात मुरलेला असतो, म्हणून झाकण वेगळे करून उन्हात ठेवावे.

खिळे, स्क्रू, बटणे अशा बारीक वस्तूंसाठी झाकण फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने पक्के करून बरणी त्यात खालून फिरवून बसवावी. स्क्रू दोन हवेत. एकच असेल तर बरणी उघडताना झाकणही तिच्याबरोबर फिरू लागते. (हे बहुतेकांना पहिली बरणी लावून झाल्यावरच कळते.)

अशा बरणीत उकळते पाणी एकदम ओतू नये, कारण आतली बाजू बाहेरच्या बाजूच्या आधी प्रसरण पावून काच तडकते. फुटलेली बरणी पुनर्चक्रणासाठी देताना तिच्यात उष्णतारोधक काचेची भांडी मिसळू नयेत. ती काच अधिक तापमानाला वितळते.