जुन्या स्विफ्टचं सस्पेन्शन-ब्रेक करताय? मी केलेल्या चुका तरी करू नका

माझी स्विफ्ट २००७ ची, एलएक्सआय, ते जुनं १.३ पेट्रोल इंजिन, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, पंधरा वर्षांनंतरचं पासिंगपण करून झालंय. गेल्या काही वर्षांत तिचं खालचं जवळपास सगळं मी स्वतः खोललंय, त्यातलं बरंचसं दोनदा खोललंय, आणि दोनदा का खोलावं लागलं ते सांगायला बसलोय.

दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, दादा बजेट कमी आहे, गाडी खाली बसवणारी लोअरिंग स्प्रिंग टाकू का मागं ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक करू? मी विचारतो, लिंक रॉड कधी बदलले? शांतता. लोअर आर्मचे बुश? "ते काय असतं?" झालं. (लोअर आर्म म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणारा खालचा दांडा, बुश म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर, आणि लिंक रॉड म्हणजे गाडी वळणावर झुकू न देणाऱ्या बारची छोटी दांडी.) गाडी दीड लाख किलोमीटर पळालीय, खालचं सगळं रबर वाळून तडकलंय आणि याला लाल रंगाची स्प्रिंग पाहिजे. बऱ्याच जणांनी गाडी तिसऱ्या नाहीतर चौथ्या मालकाकडून घेतलेली असते, त्यामुळं ती नवी असताना कशी चालायची हे त्यांना माहीतच नाही. मूळ मापाचे चार शॉकअप, वरची माउंटिंग, बंप स्टॉप, सगळे बुश, ताजं ब्रेक फ्लुइड आणि बरे टायर एवढं केलं की बहुतेकांचं अपग्रेड तिथंच संपतं, आणि पुढं काही करायचंच असेल तर ते यानंतर. पण बुशचा फोटो काढून ग्रुपवर मिरवता येत नाही ना.

बुशचे बोल्ट गाडी वर असताना आवळणं

ही माझी चूक, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्यांदा लोअर आर्म बदलले तेव्हा पार्किंगमध्येच केले. गाडी दोन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), चाकं काढलेली, मी खाली पाठीवर. नवे आर्म बसवले, बोल्ट लांब दांड्याच्या पान्ह्यानं अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून आवळले, चाकं लावली, गाडी खाली. पहिला महिना एकदम मस्त, गाडी जरा कडक वाटली पण मी म्हटलं नवा माल आहे, असणारच. तिसऱ्या महिन्यात स्पीडब्रेकरवरून उतरताना कट् असा आवाज यायला लागला. वाकून बघतो तर बुशचं रबर आतल्या नळीपासून सुटत आलेलं, नखानं उचकटलं तर चक्क फट दिसली.

मी तो आर्म पिशवीत घालून थेट पुण्यातल्या नाना पेठेत, पार्ट घेतला त्या दुकानात. काउंटरवर आपटला आणि डुप्लिकेट माल दिलात म्हणून चार शब्द ऐकवले. दुकानदार वयस्कर माणूस, शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "बोल्ट आवळले तेव्हा गाडी वर होती का खाली?" मी म्हटलं वर, अहो खाली असताना हात कसा जाणार? त्यांनी खिशातला रुमाल काढला, एक टोक माझ्या हातात दिलं, घट्ट धर म्हणाले, आणि दुसरं टोक धरून पिळत गेले. "हे तुझं रबर. आता दिवसभर असंच धरून बस." मी आर्म परत पिशवीत घातला आणि नवीन जोडी गपचूप पैसे देऊन घेतली.

झालेलं असं की या बुशमध्ये आत एक लोखंडी नळी असते, बाहेर आर्मचा गोल, आणि मध्ये दोन्हींना चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चेसिसला पक्की, ती फिरत नाही, आर्म वरखाली होतो तेव्हा फक्त रबर पिळतं आणि परत येतं. गाडी घोडीवर असताना चाक लोंबकळतं, आर्म खाली झुकलेला असतो, तिथंच आवळलं तर रबराला तीच जागा आरामाची. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलंच राहतं. त्यावर आपले रस्ते. किती टिकणार?

आता मी काय करतो, खोलायच्या आधीच गाडी सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपनं माप घेतो आणि मास्किंग टेपवर लिहून फेंडरलाच चिकटवतो. बुशचे बोल्ट सुरुवातीला नुसते हातानं आणि थोडे पान्ह्यानं, ढिलेच. बाकी सगळं बसलं की बॉल जॉइंटच्या (आर्म चाकाकडं जोडणारा गोल सांधा) खाली लाकूड ठेवून जॅकनं आर्म हळूहळू उचलायचा, तेच माप आलं की मग टॉर्क रेंचनं शेवटचं आवळायचं. पिट किंवा रॅम्प असेल तर अजून सोपं, गाडी चाकांवरच उभी असते. मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या बीमच्या बुशलाही हेच. गॅरेजमध्ये काम देत असाल तर तिथं उभं राहा आणि शेवटचं आवळणं गाडी खाली घेऊन करा म्हणून सांगा, मिस्त्री तोंड वाकडं करेल, करू दे.

स्प्रिंग कापणं आणि रबरी बफर

कापलेल्या स्प्रिंगबद्दल मी आता वाद घालत नाही. एक वेढा कापला की गाडी खाली बसते आणि स्प्रिंग कडकपण होते, सहा वेढ्यांची पाच झाली तर साधारण वीस टक्के, पण शॉकअप तोच मेलेला जुना, म्हणून गाडी उसळत राहते. शिवाय चाक खड्ड्यात पूर्ण लोंबलं की आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. फोटोत छान दिसते, हे मान्य.

याच्या उलट टोकाचे लोक ते पारदर्शक रबराचे बफर वेढ्यांमध्ये ठोकतात, मागं चार माणसं बसली की गाडी घासते म्हणून. मागं गाडी बसतेय तर एकतर स्प्रिंग थकलीय नाहीतर सामान जास्त आहे. बफर घातला की तेवढे वेढे कामातून जातात, सगळा ताण बाजूच्या वेढ्यांवर येतो, वर रबराखाली चिखल अडकून गंज धरतो तो वेगळाच. थकलेल्या स्प्रिंगला नवी स्प्रिंग हाच इलाज, आणि जोडीनंच.

रिकंडिशन शॉकअप घेऊ नका. जुन्याला भोक पाडून तेल भरायचं, वेल्डिंग मारायची आणि काळा रंग, एवढंच असतं ते. पैसे कमीच असतील तर आत्ता पुढची जोडी करा आणि मागची दिवाळीनंतर, पण एकाच बाजूचा एक शॉकअप कधीच नको. आणि स्ट्रटमधून (पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असतात तो) स्प्रिंग काढायचं काम घरी दोरी-तार बांधून करू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर तुमच्या तोंडाकडेच येते. अख्खा स्ट्रट काढून गॅरेजमध्ये न्या, प्रेसवर पाच मिनिटांत होतं.

ब्रेकला कुठलंही ग्रीस

ही मावसभावाची चूक, पण निस्तरली मी. त्यानं स्वतः डिस्क पॅड बदलले, चांगल्या कंपनीचे महागडे, आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सरकत्या पिना साफ करून घरात डब्यात पडलेलं बेअरिंगचं लाल ग्रीस मनसोक्त थापलं. मला दाखवलं पण होतं मोबाईलवर, मी ग्रीस कुठलं ते विचारलं नाही, तेवढा दोष माझा.

चार महिन्यांनी मे महिन्यात लग्नाला कराडवरून चिपळूणला निघालो, कुंभार्ली घाट, गाडी तो चालवतोय, चौथ्या गिअरमध्ये सतत ब्रेकवर पाय ठेवून. (एक बरं की इंजिन तरी चालू होतं, काही महाभाग पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरतात, मग ब्रेकला मदत करणारा इंजिनचा व्हॅक्यूम संपला की पेडल दगड होतं.) अर्ध्या घाटात जळका वास. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. पोफळीला खाली थांबलो तेव्हा डाव्या पुढच्या चाकाजवळ हात नेता येत नव्हता, आणि हा पाण्याची बाटली घेऊन ओतायलाच निघाला. तापलेल्या डिस्कवर गार पाणी, म्हणजे डिस्क वाकडी नाहीतर तडकलेली. बाटली हिसकावून घेतली आणि अर्धा तास नुसते झाडाखाली बसलो.

दुसऱ्या दिवशी चिपळुणात चाक खोललं. बाहेरचा पॅड जवळपास नवा, आतला पत्र्यापर्यंत घासलेला. पिनेवरचं रबर भिजवलेल्या वाटाण्यासारखं फुगून मऊ झालेलं, आणि पीन हातोडीशिवाय हलेना. या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला असतो, तो आतला पॅड दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पीन अडकली की सगळं काम आतल्या पॅडवर पडतं, आणि ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच राहतो. ब्रेकचं रबर पेट्रोलियमच्या कुठल्याही गोष्टीला सहन करत नाही, ग्रीस असो, इंजिन ऑइल असो, धुवायला घेतलेलं डिझेल असो. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस छोट्या ट्यूबमध्ये मिळतं, पातळ थर लावायचा, बास. माझ्या पेटीत ती ट्यूब वेगळ्या डबीत असते आणि डबीवर मार्करनं "फक्त ब्रेक" लिहिलंय, कारण संध्याकाळी सात वाजता दमलेला माणूस हाताला लागेल ते ग्रीस लावतो.

हवा काढताना पेडल पार खाली दाबणं

जुन्या गाडीत ब्रेक फ्लुइड बदललं आणि दुसऱ्याच आठवड्यात मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की फ्लुइडला दाब देणारा) गेला, असं खूप जणांचं होतं आणि मग सगळे फ्लुइडला शिव्या घालतात. रोजच्या वापरात पेडल अर्धंच जातं, त्याच्या पुढच्या भागात सिलिंडरच्या आत वर्षानुवर्षं गंज आणि गाळ साठतो. ब्रेकच्या पाइपातली हवा काढताना मदतीला बसवलेला पुतण्या पेडल तळापर्यंत मारतो आणि नाजूक सील त्या गंजावरून खरडत जातं. मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो, विषय संपला. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये दिलाय तोच धरा, आणि वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरू.

फ्लुइड मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच डॉट नंबरचं, म्हणजे त्याच प्रतीचं. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, त्याचा उत्कलनबिंदू जास्त आहे, कोरडं (पाणी न शोषलेलं) असताना किमान २३० अंश, डॉट ३ चा २०५. पण आकडा मोठा म्हणून डॉट ५ मागवू नका, ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही. डॉट ५.१ परत वेगळं, ते चालतं. नावं ठेवणाऱ्यानं गंमतच केलीय. दोन वर्षांनी बदलायचं, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. अर्धी उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. आणि रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी, रंग खातं ते.

मागं डिस्क लावणं

जोरात ब्रेक मारला की वजन पुढं येतं, छोट्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत मागची चाकं तेव्हा जेमतेम टेकलेली असतात. तिथं जास्त ताकदीचा ब्रेक लावला, वर एबीएस नाही, तर ओल्या रस्त्यावर मागचं आधी लॉक होणार आणि शेपूट पुढं यायला बघणार. शिवाय गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. त्यापेक्षा मागचे मूळ ड्रम ब्रेक खोला, आतली भुकटी ओल्या फडक्यानं पुसा, फुंकर मारू नका, लायनर (शूवरचा घासणारा थर) बघा, शू दाबणारा व्हील सिलिंडर पाझरतोय का बघा आणि शू ड्रमजवळ ठेवणारा ॲडजस्टर मोकळा करा. हँडब्रेक वर यायला लागला की लोक केबल ताणतात, मग ॲडजस्टर चालेनासा होतो आणि पेडलही खाली जातं. आधी शू ॲडजस्ट करायचे, केबल सगळ्यात शेवटी.

बाकीचं भराभर. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेनं स्प्रिंगला टांगा. जुना रबरी होज आतून फुगून बंद होतो, फ्लुइड जातं पण परत येत नाही, गाडी एका बाजूला ओढत असेल आणि पिना मोकळ्या असतील तर तोच बघा. नवे पॅड टाकून त्याच संध्याकाळी घाट नको, पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर हळू. भोकांच्या डिस्क रेसच्या गाडीला शोभतात, आपल्या गाडीत भोकांपासून तडे जातात. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालणाऱ्याशी मी बोलत नाही.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतंय म्हणून दोनदा डिस्क बदललेला एक जण माझ्याकडं आला होता. तिसरी डिस्क पिशवीतच होती. आम्ही जुनी डिस्क काढली तर हबच्या (डिस्क ज्यावर बसते तो चाकाचा मधला भाग) तोंडावर गंजाचे पापुद्रे, त्याच्यावरच दोन्ही वेळा नवी डिस्क बसवलेली. एवढासा पापुद्रा हबजवळ असला तरी डिस्कच्या कडेला ती डुलते, आणि डुलत डुलत जाडी कमीजास्त होते. वायर ब्रशनं दहा मिनिटं घासलं, त्याची पिशवीतली डिस्क लावली, नट ताऱ्यासारखे समोरासमोर आवळले. थरथर गेली. त्याला आधीच्या दोन डिस्कचे पैसे आठवत होते, म्हणून चहा मी पाजला.