पैशाची पूल मॅच आणि भोवतीचे बघे: या चुका टाळा

लातूरला क्लासेसच्या भागातल्या एका पूल पार्लरमधली गोष्ट. आधी पाच फ्रेम, म्हणजे डाव, घेईल त्याची मॅच, पाचशे रुपये. चार-चार झालेले. शेवटचा काळा बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटपासून वीतभर, पांढरा जवळजवळ सरळ रेषेत. मी वाकलो. पॉकेटच्या बरोब्बर मागं एक पोरगा टेबलाला मांडी टेकवून उभा होता आणि बोटात गाडीची चावी गरगर फिरवत होता. नजर बॉलवर आणली की चावी, पुन्हा आणली की पुन्हा चावी. तेवढ्यात मागून आवाज आला, "गेला हा. काढा पैसे." मी तसाच मारला. काळा पॉकेटच्या कडेला लागून बाहेर आला आणि समोरच्यानं पुढच्या शॉटला तो निवांत घातला.

बरेच दिवस ही हार मी त्या चावीच्या नावावर मांडत होतो. पण चावी दिसल्यावरही मी वाकलेलाच राहिलो, ही चूक त्या पोराची नव्हती. पैशाच्या मॅचमध्ये सगळ्यात जास्त फ्रेम याच चुकीनं जातात. लक्ष उडालंय हे आपल्याला कळतं, पण उठलो तर "घाबरला बे" म्हणतील म्हणून आपण मारून मोकळे होतो.

उठायचं. पूर्ण उठायचं, नुसती मान वर करून भागत नाही. एक पाऊल मागं, चॉक उचला, काठीच्या टोकाला लावा, टेबलाकडे पहिल्यांदाच बघतोय असं बघा, मग शॉटच्या रेषेत मागून चालत या आणि वाका. चॉकची गरज नसली तरी लावा, हाताला काम मिळतं. पार्लरात तुमच्या डोक्यावर घड्याळ नसतं. मोठ्या स्पर्धांत शॉट क्लॉक असतं, तिथंही एका शॉटला साधारण ३० ते ३५ सेकंद मिळतात, आणि उठून पुन्हा वाकायला पंधरा सेकंद पुरतात. दुसऱ्यांदा व्यत्यय आला तर दुसऱ्यांदा उठा. तिसऱ्यांदा बहुतेक बाकीचे बघेच त्याला गप्प करतात, कारण त्यांनाही शॉट बघायचा असतो.

आवाजाचं आपण उगाच जास्त मनावर घेतो. उन्हाळ्यात आपल्याकडं पार्लरात कूलर घरघरतो, बाहेर हॉर्न चालू असतात, शेजारच्या टेबलावर ब्रेकचा, म्हणजे डाव फोडायच्या पहिल्या शॉटचा, धडाका. हे सगळं दहा मिनिटांत कानाआड होतं. त्रास होतो तो अचानक आलेल्या आवाजाचा, आणि त्याहून जास्त नजरेच्या रेषेतल्या हालचालीचा. पॉकेटचं तोंड साधारण साडेचार इंच, बॉल सव्वादोन इंच. म्हणजे दोन बॉल मावतील एवढ्या जागेकडं तुम्ही बघताय आणि तिच्या लगेच मागं कुणाचा तरी रंगीत टी-शर्ट हलतोय. म्हणून गर्दी हटवायच्या भानगडीत पडू नका, फक्त तुमच्या पॉकेटमागचा माणूस हलवा. "भाऊ, जरा साइडला," एवढंच, हसून, शॉटच्या आधी उभं असताना. वाकल्यावर बोललात तर ते भांडण वाटतं.

बघ्यांशी बोलण्याची चूकही नेहमीची. एखादा म्हणतो, "डावीकडून कट मार," आपण म्हणतो, "तूच ये ना मग." झालं! आता तो पूर्ण मॅचभर तुमच्याशी बोलणार, कारण उत्तर मिळतं हे त्याला कळलं. सल्ला बरोबर असला तर जास्त वाईट, कारण मग शॉट तुमचा राहत नाही. आणि कौतुकापासूनही जपा. "भाऊ, आज काय हात चालायलाय तुमचा!" ऐकलं की पुढच्या शॉटला आपण हाताकडंच बघायला लागतो. काही बेरकी लोक हे मुद्दाम करतात.

मुद्दाम करतोय की सवयीनं, हे ओळखायला एक साधी खूण आहे: समोरच्याच्या पाळीलाही तो तेवढाच बोलतो का? दोघांच्याही पाळीला बडबडतो तो बडबड्या, त्याला सोडून द्या. फक्त तुम्ही वाकलात की ज्याला खोकला येतो, त्याची बाहेरून पैज लागलेली असण्याची शक्यता धरा. त्याच्याशी बोलून काही उपयोग नाही. समोरच्या खेळाडूला सांगा, दोन शॉटच्या मधे, हळू आवाजात: "तुमच्या दोस्ताला सांगा, नाहीतर इथंच थांबू." चांगला खेळणारा लगेच सांगतो. जो "मी काय करू" म्हणतो, त्याच्याशी ती फ्रेम संपवा आणि उठा. अशा वेळी चिडून "चल, पाचशेचे हजार" म्हणणं ही मी स्वतः दोनदा केलेली चूक आहे. हिशोब सांगत नाही.

यातलं बरंचसं पैसे ठेवण्याआधीच मिटतं, आणि तिथंच आपण गडबड करतो. पैसे बघ्यांपैकी कुणाकडं देऊ नका, तुमचा दोस्त असला तरी. मार्करकडं, म्हणजे पार्लरात गुण मांडणाऱ्याकडं, किंवा काउंटरवर ठेवा. मधेच थांबायची वेळ आली तर हिशोब कसा, हेही तेव्हाच बोला. आणि कुणाचा धक्का लागून बॉल हलला तर काय? जागतिक नियम सोपा आहे: बाहेरच्या व्यत्ययानं शॉट बिघडला तर बॉल आधीच्या जागी लावून शॉट पुन्हा, आणि जागा लावताच येत नसेल तर फ्रेम नव्यानं. स्पर्धेत हे पंच ठरवतो, आपल्याकडं मार्करलाच पंच माना आणि त्याला ते आधी सांगा. नंतर सांगितलं की दहा जण दहा जागा दाखवतात.

बाहेरच्या पैजांचा गलका वाढला की पार्लरचा मालकही अस्वस्थ होतो, ते उगाच नाही. १८८७ च्या जुगारबंदी कायद्यात कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळाला सवलत देतं, पण भोवताली उभं राहून लावलेल्या पैजांनाही तीच ढाल मिळेल, असं समजून कुणी शहाणपणा करू नये. मालक दिवे घालवायला लागला की मॅच अर्धवट राहते.

कानात इअरफोन घालून खेळणारेही बघितलेत. मला पटत नाही. समोरचा फाउल म्हणाला तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मग खरं भांडण होतं.

आणि शेवटी आपलीच माणसं. माझ्या मॅचला सगळ्यात जास्त त्रास माझ्या मेव्हण्यानं दिलाय. प्रत्येक शॉटला "आरामात, आरामात." आता मॅच असली की त्याला सांगतो, दाजी सात वाजता खेळणार. मी सहाला सुरू करतो.