आखातात जाताना इन्सुलिन कसं न्याल?

रत्नागिरी-चिपळूणहून मुलांकडे दुबईला निघताना इन्सुलिन चेक-इन बॅगेत कधीही टाकू नका. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. पेन, सुया, ग्लुकोमीटर हातातल्या पिशवीत ठेवा. सोबत औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव असलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हवीच. मे महिन्यात मुंबईपर्यंतच्या एसटीतला उकाडा जास्त घातक: पेन कोरड्या डब्यात घालून बाहेरून ओलं फडकं गुंडाळा, बर्फाला टेकवू नका. दुबई दीडच तास मागे आहे, डोसची वेळ तरी डॉक्टरांना विचारून ठरवा. साखर उतरल्याची घाम, थरथर अशी लक्षणं जाणवली तर लगेच 15 ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी साखर तपासा. घरचं कोकम आगळ अशा वेळी उपयोगाचं नाही, त्यात साखर नसते.