न पाहिलेल्या शहरासाठी ॲप डिझाइन करताना

युएक्स, म्हणजे ॲप वापरायला सोपं जावं असं डिझाइन, शिकणाऱ्या बहुतेकांच्या पोर्टफोलिओत एक ॲप हमखास असतं: परक्या शहरात नव्यानं गेलेल्यांच्या ओळखी करून देणारं. विषय सोपा वाटतो ना. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात बसून मी जर्मनीत शिकायला जाणाऱ्या पोरांसाठी हेच केलं, अजून करतोय, आणि नोकरी अजून लागलेली नाही. तेव्हा हे यशस्वी माणसाचे सल्ले समजू नका. फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर, वायरफ्रेम म्हणजे स्क्रीनचा कच्चा आराखडा आणि पर्सोना म्हणजे नमुन्यादाखल कल्पिलेला वापरकर्ता, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

"जर्मनी पाहिली नाही, मग डिझाइन कसं केलं?" असं विचारतात. विचारू द्या. ओळखीत, नाही तर ओळखीच्या ओळखीत, तिकडे गेलेलं कोणीतरी निघतंच. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं, हिवाळ्यात साडेचार. ते जेवण उरकून मोकळे होतात तेव्हा आपल्याकडं मध्यरात्र झालेली असते. ओसरीवर बसून हळू आवाजात बोलायचं आणि तरीही घरच्यांची बोलणी खायची. पण त्या वेळेला नेटवर्क बरं असतं.

आता खरा सापळा. तिकडं गेलेल्यांची अशी फोनवर मुलाखत घेताना आपण विचारतो, "तिकडं एकटं वाटतं का? असं ॲप असतं तर वापरलं असतं का?" पहिल्या प्रश्नाला उत्तर येतं, "नाही जी, मस्त चाललंय." कारण घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेलं असतं आणि आपलं बोलणं फिरून आईच्या कानावर जाईल ही धाकधूक असते. दुसऱ्याला उत्तर येतं, "हो ना भाऊ, लय भारी आयडिया आहे." गावाकडचा पोरगा काहीतरी करून राहिला, त्याचं मन कशाला मोडा! या दोन उत्तरांवर मग आवडीनिवडी जुळवणारी स्क्रीन उभी राहते. क्रिकेट, ट्रेकिंग, स्वयंपाक आणि खाली "मित्र जोडा" असं गोल बटण. दिसायला देखणं, पण ते दाबायचं कारण कोणालाच नसतं. माझ्याही स्क्रीन अशाच होत्या. वाईट हे की प्रत्येक मुलाखतीनंतर त्या आणखी बरोबर वाटायच्या, कारण सगळे हो म्हणत होते. "सगळे हो म्हणतात" हीच धोक्याची घंटा समजा.

पुढं काय कराल हे विचारूच नका. झालेलं विचारा, तेही फोन उघडायला लावून. पुसदकडच्या एका ताईला मी म्हटलं, "तिकडं उतरल्यावर पहिल्या आठवड्यात कोणाकोणाला फोन केला, ती यादी वाच ना." पहिला फोन सीनियरला, पत्त्याच्या नोंदणीला सोबत ये म्हणून. दुसरा एका अनोळखी तेलुगू मुलीला, ती जुना कुकर विकत होती. तिसरा पुन्हा तिलाच, घरमालकाच्या जर्मन पत्रात काय लिहिलंय ते विचारायला. चौथ्या नावाशी आल्यावर ताई हसली. "हा पण तिलाच. त्या दिवशी तिच्याकडंच जेवलो आम्ही." आता त्या दोघी पक्क्या मैत्रिणी आहेत, पण यादीतला एकही फोन मैत्री करायची म्हणून लावलेला नव्हता.

म्हणून पहिल्या स्क्रीनवर चेहरे नकोत, कामं हवीत. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि नोव्हेंबर २०१५ पासून त्यासोबत घरमालकाचं सहीचं पत्रही जोडावं लागतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, त्यामुळं किराणा शनिवारीच भरायचा. अशा प्रत्येक कामापुढं एकच ओळ ठेवा: "गुरुवारी सकाळी नोंदणीला चाललोय, कोणी येतंय का?" काम झालं की ती नोंद आपोआप पुसली जावी, नाहीतर महिन्याभरात कामांचा हा फलक शिळा होतो.

आणि अख्ख्या जर्मनीसाठी ॲप काढू नका, उघडल्यावर रिकामं दिसेल. एक शहर, एक विद्यापीठ धरा. तिथं पोरं वर्षभर येत नाहीत. हिवाळी सत्र ऑक्टोबरात आणि उन्हाळी सत्र एप्रिलात, खरीप-रब्बीसारखे दोनच हंगाम. सप्टेंबरात तयार नसाल तर सरळ मार्चची वाट पाहा.

मैत्रीचं बटण का चालत नाही याला आकड्यांचाही आधार आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली नुकतंच गाव बदललेल्यांचा अभ्यास मांडला. नुसत्या ओळखीतून कामचलाऊ मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, त्याहून बऱ्यापैकी मैत्रीला ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. एवढे तास कोणतीही स्क्रीन देऊ शकत नाही. ती एवढंच करू शकते की नोंदणीला सोबत गेलेल्या दोघांना शनिवारच्या किराण्याला पुन्हा एकमेकांचं नाव सुचवायचं.

शॉर्टकटबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. एआयला सांगून पर्सोना बनवू नका. तो "रोहन, २४, पुणे, कॉफी आवडते" असाच येतो आणि रोहनला कोणी कर्ज दिलेलं नसतं. "पाच जण पुरे" हे युएक्सचे जाणकार जेकब निल्सन यांचं २००० सालचं म्हणणं वापरचाचणीबद्दल (लोकांना ॲप वापरायला देऊन अडचणी शोधण्याबद्दल) आहे, मुलाखतींची संख्या कमी करायला ते वापरू नका. तासावर पैसे घेणारे मेंटर बहुतेक वेळा बटणाचा रंग बदलायला लावतात. तुमच्या दोन वर्षं पुढं असलेला, अजून स्वतःच चाचपडणारा कोणी सापडला तर त्याला धरून ठेवा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नका. वऱ्हाडीत विचारलेल्या प्रश्नाला लोक जितकं खरं बोलतात तितकं पुण्या-मुंबईच्या पोराशी बोलणार नाहीत. हे भांडवल फुकटचं आहे.

खेड्याचा आणखी एक फायदा. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिम ओळखपत्र तपासल्याशिवाय सुरू होत नाही, त्यामुळं नवा माणूस सुरुवातीला वायफायच्या भरवशावर फिरतो. प्रोटोटाइप, म्हणजे ॲपचा कच्चा नमुना, घेऊन शिवारात जा, रेंज गेली की काय उरतं ते पाहा. पत्ता, वेळ आणि सोबत्याचा नंबर रेंजशिवाय दिसलाच पाहिजे.

शेवटचं, आडनावाचं. आपल्याकडं आडनाव कळलं की पुढचा प्रश्न काय येतो ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तो विमानात बसूनही येतो. प्रोफाइलवर फक्त नाव ठेवा. मुलींसाठी घराचं ठिकाण नकाशावर कधीच दाखवू नका, भेट सरकारी कार्यालयाच्या नाही तर दुकानाच्या दारातच ठरू द्या. कामांच्या यादीत मात्र "पत्रपेटीवर आडनाव लावा" ही ओळ पहिल्या दिवसालाच टाका. नोंदणीनंतर कर-क्रमांकाचं पत्र पोस्टानं येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर ते परत जाऊ शकतं.